मस्कादे आणि उकडलेल्या शेंगा

दिंडोरीच्या रस्त्यावरच्या एका वायनरीत मी सोळा वर्षं प्रयोगशाळा सांभाळतो आहे. मूळचा सिन्नरचा. वडील तिथल्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते आणि आमच्या घरात वाइन सोडाच, साधी बिअरची बाटलीही कधी आली नव्हती. रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून औषधांच्या कंपनीत लागायचं, असं माझं ठरलेलं होतं. ते जमलं नाही. मग पेपरात वायनरीची जाहिरात दिसली आणि इकडे आलो. घरी बरीच वर्षं 'द्राक्षरसाच्या कारखान्यात आहे' असंच सांगितलं जायचं.

मालकांना सगळे भाऊ म्हणतात, मीही भाऊच म्हणतो. द्राक्षबागायतदाराच्या घरातले, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. वाइन बनवायला ते पुस्तकं वाचून, चुका करून, परदेशी जाऊन शिकले. आमच्याकडे वेगळा वाइनमेकर नाही, भाऊच सगळं बघतात. रोज सकाळी अकराला आम्ही दोघं टाक्यांमधले नमुने घेऊन बसायचो. न्याहारी जिरलेली असते आणि जेवणाची भूक लागलेली असते, त्या वेळी जीभ सगळ्यात जागी असते असं भाऊंचं म्हणणं. ते बोलायचे, मी बोलायचो, कधी कधी चांगलं वाजायचं. माझं नाक तीक्ष्ण आहे हे नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लक्षात आलं. बूच खराब असलं की वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मारतो, तो मला ग्लास तोंडाशी न्यायच्या आधीच कळायचा. पाहुणे आले की भाऊ माझ्याकडे बोट करून सांगायचे, "याला बाटली उघडायच्या आधी कळतं." ते काही खरं नव्हतं, पण ऐकायला बरं वाटायचं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आजारी पडलो. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं नाही, घरीच बरा झालो. ताप उतरल्यावर चारपाच दिवसांनी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो. बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. ती खाली आली ती ओरडतच. माझ्यापासून दोन हातांवर गॅसवरचं दूध आटून करपलं होतं, पातेल्याचा तळ काळा झाला होता, आणि मी शांतपणे क्रिकेटचं पान वाचत होतो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "येतो परत वास. कुणाला महिन्यात, कुणाला वर्षात. काहींना नाहीही येत." त्यांनी लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरी रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितलं. बायकोनं चार डब्या भरून दिल्या. मी दोन महिने नेमानं हुंगलं, मग कंटाळा केला. सगळ्या डब्यांना एकच वास होता, म्हणजे नव्हताच.

कामावर परत गेलो तेव्हा भाऊंना सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पहिल्याच दिवशी अकरा वाजता त्यांनी शेनँ द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनचा नमुना पुढे केला आणि म्हणाले, "थोडा पेरूचा वास वाढलाय का रे?" मी ग्लास फिरवला, नाकाशी नेला, दोन क्षण थांबलो आणि म्हणालो, "हो, थोडा वाढलाय." इतकं ते सोपं होतं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

आम्लता, साखर, सल्फर हे सगळं उपकरणं मोजतात, तिथे नाकाचं काम नसतं. जीभही शाबूत होती. आंबट, गोड, खारट, कडू, मिरचीची आग, सगळं कळत होतं. नव्हता तो वास, आणि वाइनमध्ये वास गेला की उरतं ते थोडं आंबट, थोडं कडवट, जरा उष्ण पाणी. मी भाऊंना आधी बोलू द्यायला लागलो. ते म्हणतील त्याला एखादा शब्द जोडायचा. वाद बंद झाले. एकदा भाऊ म्हणाले, "हल्ली आपलं चांगलं जमतं." एक अख्खा हंगाम असा गेला.

घरी फक्त बायकोला माहीत होतं. ती कळवणची, इथे नाशकात माध्यमिक शाळेत शिकवते. ती आठपंधरा दिवसांनी विचारायची, "सांगितलंत का त्यांना?" मी म्हणायचो, "बघू." पुढे तिनं विचारणं सोडलं.

दीड वर्षानं, सप्टेंबरात, भाऊ फ्रान्सला जाऊन आले. येताना सामानातून सहा बाटल्या आणल्या. लुआर नदी समुद्राला मिळते तिथली पांढरी वाइन, मस्कादे. अगदी कोरडी, म्हणजे गोडवा औषधालाही नाही. वाइन आंबली की तळाला गाळ बसतो. बाकीचे तो लवकर काढून टाकतात, हे लोक महिनोन् महिने वाइन त्या गाळावरच ठेवतात, त्यानं ती तोंडात भरीव लागते. भाऊंनी तिथल्या एका छोट्या बंदरावर ती प्यायली होती आणि वेडे होऊन आले होते.

पहिली बाटली आम्ही ऑफिसात उघडली. भाऊंनी हुंगलं, परत हुंगलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"वासच नाही रे याला," ते म्हणाले. "तिथे तर काय लागली होती! प्रवासात गेली की काय?"

मी घोट घेतला. गार, आंबट, अगदी सरळ. मग जबड्याच्या सांध्यापाशी पाणी सुटलं, आणि गिळल्यावर जिभेच्या कडांना चक्क खारट लागलं. मी दुसरा घोट घेतला. दीड वर्षात एकही वाइन मला पुरी लागली नव्हती. प्रत्येकीत कुठेतरी भोक होतं, जिथे वास असायला हवा तिथे. या वाइनमध्ये भोक नव्हतं. तिच्यात जे होतं ते जवळजवळ सगळं मला कळत होतं.

भाऊ म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"बिघडलेली नाही," मी म्हणालो. "भाऊ, ही हुंगायची वाइन नाही. ही जेवणाबरोबरची आहे. तिथे तुम्ही काय खात होतात?"

"कालवं. कच्ची. वर लिंबू."

"मग तेच."

भाऊंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. पुष्कळ दिवसांनी मी त्यांच्या विरुद्ध बोललो होतो. मग त्यांनी ठरवूनच टाकलं. दसऱ्यानंतर चार पाहुणे दुपारच्या जेवणाला येणार होते. त्यात नाशकात रेस्टॉरंट चालवणाऱ्या दोघी बहिणी, एका हॉटेलाचे खरेदी व्यवस्थापक आणि भाऊंचे एक जुने मित्र. त्यांना ही वाइन पाजायची, आणि पुढच्या हंगामात आपण अशी करावी का ते विचारायचं. "बरोबर काय वाढायचं ते तू ठरव. कालवं कोकणातून बर्फात मागवू."

मी कालवांना नाही म्हणालो. म्हटलं, दिंडोरीत येऊन लोकांनी कोकणातली कालवं का खायची? इथलं काहीतरी वाढू. भाऊंना ते फार पटलं. खरं कारण वेगळं होतं. इतक्या लांबून येताना एखादं कालव बिघडलं असतं, तर मला ते कळलं नसतं.

दोन बाटल्या घरी नेल्या. रविवारी दुपारी बायकोनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाट्या मांडल्या. ती पीत नाही, पण म्हणाली, "वास घ्यायला काय हरकत आहे?" मी तोंडाचं बघायचं आणि तिनं नाकाचं, असं ठरलं. एखाद्या प्रयोगाच्या वहीसारखी तिनं वहीही घेतली.

आधी मिसळ, कारण नाशिक म्हटलं की सगळ्यांना तेच सुचतं. एका घोटात कळलं की नको. तिखटावर ती वाइन पडली की आग दुप्पट होते आणि आंबटपणा दातांना लागतो. अळूवडी माझी आवडती. चिंचगुळाची होती. तिच्यावर घोट घेतला तर वाइन एकदम लिंबू पिळलेल्या पाण्यासारखी पातळ झाली. गोड कशाबरोबरही तिचं तेच व्हायचं. बायकोनं लिहिलं, 'गूळ नाही.' भरल्या वांग्याच्या मसाल्यापुढे वाइन दिसेनाशीच झाली.

मग कोथिंबीर वडी, त्या दिवशी हिरवी मिरची कमी घातलेली. तळलेलं, कुरकुरीत, तेलकट. घोट घेतला की तेल धुऊन निघायचं आणि पुढची वडी खावीशी वाटायची. भाजणीचं थालीपीठ आणि घरचं लोणी, त्याचंही तसंच, उलट जास्तच चांगलं. काकडीच्या कोशिंबिरीत तिनं सवयीनं साखर घातली होती, ती परत बिनसाखरेची केली, तेव्हा जमली.

शेवटी मी सुकट काढली. तव्यावर नुसती भाजलेली, मीठ असलेली. मला ती फार आवडली. खारट, कुरकुरीत, वर गार आंबट घोट. म्हटलं, सापडलं.

बायको ओट्यापाशी उभी होती. तिनं एक चिमूट सुकट खाल्ली, ग्लास नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं.

"शी! गंजलेल्या खिळ्यासारखं येतंय काहीतरी."

"नुसत्या सुकटीला?"

"नुसत्या सुकटीला सुकटीचा वास आहे. नुसत्या वाइनला काही नाही. दोन्ही एकत्र केलं की येतंय. तुम्हांला खरंच कळत नाही?"

"नाही."

तिनं ग्लास खाली ठेवला. मग वहीत सुकटीवर काट मारली. मला वाटतं, माझं काय गेलंय ते तिला त्या दिवशी नीट समजलं. मलाही. करपलेलं दूध निदान डोळ्यांना दिसत तरी होतं.

त्यानंतर तिनं मला न विचारता चमचाभर वाइन तोंडात घेतली. "लिंबाच्या सालीसारखं आहे. आतलं नाही, साल. आणि ओल्या फडक्यानं फळा पुसला की येतो ना, तसं मागे काहीतरी आहे. थोडं पिठासारखं, भाकरीच्या पिठासारखं." ती हे बोलत होती तेव्हा मी लिहून घेत होतो. तिला ती वाइन आवडली का, हे मी विचारलं. ती म्हणाली, "नाही हो. आंबट आहे."

संध्याकाळी दारावर ओल्या शेंगांची गाडी आली. बायकोनं मीठ घालून शेंगा उकडल्या. जेवणाच्या यादीशी त्यांचा काही संबंध नव्हता, रविवारी आमच्याकडे होतातच. बाटलीत थोडी उरली होती म्हणून मी ती घेऊन बसलो. शेंग फोडली की आतलं खारट पाणी आधी तोंडात जातं, मग मऊ दाणे, मग घोट. मी बायकोला हाक मारली. तिनं दाणे खाल्ले, ग्लास हुंगला, थांबली, आणि म्हणाली, "हे चालेल. काही भांडण नाही." आम्ही परातभर शेंगा संपवल्या.

जेवणाच्या दिवशी पाहुणे बाराला आले. बागेकडे तोंड असलेल्या व्हरांड्यात टेबल लावलं होतं. आमच्या वायनरीला छोटं उपाहारगृह आहे, तिथे स्वयंपाकाला एक मावशी आहेत, जानोरीकडच्या. शेंगा मोठ्या काचेच्या भांड्यात मांडायच्या म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. "पावण्यांना शेंगा? भाऊ, लोक लय हसतील." पण त्यांनी त्या बरोबर उकडल्या. शेंगांनंतर गंगापूर धरणातले मासे होते, फक्त मीठ, हळद आणि तांदळाचं पीठ लावून तळलेले, आणि मग थालीपीठ.

तीन बाटल्या उरल्या होत्या. भाऊंनी वाइनची ओळख करून दिली, मग माझी. "याला बाटली उघडायच्या आधी कळतं." पाहुणे हसले. मी पहिली बाटली उघडली, थोडी ग्लासात ओतली, नाकाशी नेली, मान हलवली आणि सगळ्यांचे ग्लास भरले.

त्या दोघी बहिणींपैकी धाकटीनं ग्लास उचलला आणि खाली ठेवला. परत उचलला. "मला यातलं फार कळत नाही," ती भीत भीत म्हणाली, "पण पावसात भिजलेल्या खोक्यासारखा वास येतोय. तसाच असतो का हा?"

भाऊंनी आपला ग्लास हुंगला. त्यांना लगेच कळलं. बूच खराब होतं, आणि थोडंथोडकं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी त्यांना वाटलं असावं की मी गंमत करतोय. मग त्यांनी माझा ग्लास उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घे बरं परत."

मी परत हुंगलं. काही नव्हतं.

"मला वास येत नाही," मी म्हणालो. "आजारपणापासून."

मी मान खाली घालून ग्लास गोळा करायला लागलो, तेव्हा भाऊंचे ते जुने मित्र म्हणाले, "दुसरी उघडा की. आहे ना?" भाऊंनी दुसरी स्वतः उघडली आणि पहिला ग्लास त्या धाकट्या बहिणीच्या पुढे केला. "तुम्ही बघा." तिनं हुंगलं. "हिला तर काहीच वास नाही," ती म्हणाली, आणि मग घोट घेऊन शेंग फोडली.

जेवण चांगलं झालं. हे सांगायला विचित्र वाटतं, पण झालं. शेंगा दोनदा मागवल्या गेल्या. व्यवस्थापकांनी विचारलं, ही वाइन नुसती प्यायला इतकी साधी आणि खाण्याबरोबर इतकी चांगली का लागते? भाऊ उत्तर देईनात, म्हणून मी दिलं. मीठ आणि तेल समोर असलं की हिचा आंबटपणा कामाला लागतो, गोड किंवा फार तिखट आलं की तो अंगावर येतो. आपल्याकडे लिंबाची फोड ज्या ज्या पदार्थावर पिळतो, ते सगळे हिच्याबरोबर धरून चाला, मसाला तेवढा हलका ठेवा. मोठ्या बहिणीनं ते फोनमध्ये लिहून घेतलं. भाऊ बागेकडे बघत मासे खात होते.

पाहुणे गेल्यावर ते प्रयोगशाळेत आले आणि स्टुलावर बसले.

"दीड वर्ष झालं असेल."

"हो."

"म्हणजे गेला हंगाम पूर्ण."

"तुम्ही जे म्हणत होतात तेच मी म्हणत होतो, भाऊ."

"अरे, मी चुकलो असतो तर?"

"तुम्ही चुकला नाहीत."

"ते तुला कसं कळणार?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मला वाटायचं आपण दोघं आहोत. मी एकटाच होतो होय इथे." आणि उठून गेले.

घरी बायकोला सांगितलं. ती वह्या तपासत होती. "बरं झालं," एवढंच म्हणाली आणि थोड्या वेळानं, "ते काय म्हणाले?" मी सगळं सांगितलं. तिनं लाल पेनाला टोपण लावलं. "मग जा आणि माफी मागा. त्यांनी बोलवायची वाट बघू नका."

मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि मागितली. भाऊ "ठीक आहे" म्हणाले. पण त्यानंतर अकरा वाजता मला बोलावणं आलं नाही. ते टाक्यांपाशी एकटेच उभे दिसायचे. मी आकडे काढून त्यांच्या टेबलावर ठेवायचो. महिन्याभरानं विद्यापीठातून नुकतीच शिकून आलेली एक मुलगी त्यांनी घेतली. तिचं नाक चांगलं आहे, आणि भाऊंशी भांडायला ती बिचकत नाही. मी तिला सल्फर मोजायला शिकवलं.

जानेवारीत द्राक्षं आली तेव्हा भाऊंनी शेनँची एक छोटी टाकी बाजूला काढली आणि आंबवण झाल्यावर तिचा गाळ काढू दिला नाही. मला कुणी काही सांगितलं नाही. नोंदवहीत त्या टाकीपुढे त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'गाळावर. हलवू नये.' मार्चमध्ये एकदा सकाळी अकराला त्या मुलीनं दारातून डोकं घातलं. "सर, भाऊंनी बोलावलंय. त्या टाकीसाठी."

तिघं बसलो. भाऊंनी माझ्यापुढे ग्लास ठेवला. "पहिलं तू बोल. हुंगू नकोस, उगाच. नुसतं तोंडाचं सांग."

मी घोट घेतला. "आंबट आहे आणि सरळ आहे. मध्ये थोडी भरली आहे. खारट नाही, ते आपल्याकडे येणार नाही. शेवट लवकर तुटतो, गिळल्यावर चव राहत नाही."

ती मुलगी म्हणाली, "नाकाला हिरवं सफरचंद आहे. बाकी फारसं काही नाही." ती जरा नाराज होती.

"काही नसू दे," भाऊ म्हणाले.

आता महिन्यातून दोनतीनदा मला बोलावतात, फक्त कोरड्या पांढऱ्यांसाठी. उपाहारगृहात काय वाढायचं ते मी आणि मावशी ठरवतो. शेंगांच्या दिवसांत शेंगा असतात, एरवी कोथिंबीर वडी. मावशींनी एकदा त्या टाकीतली वाइन चाखून बघितली आणि "नाय बाई, याच्यापेक्षा ताक बरं" म्हणून ग्लास परत दिला. माझा वास थोडा आलाय. कॉफीला रबर जळल्यासारखा येतो, गुलाबाचा बरोबर येतो, वाइनचा अजून नाही. बायको अधूनमधून एखाद्या पदार्थाची वाटी पुढे करून वास येतोय का विचारते, मी सांगतो, ती मान हलवते.

त्या टाकीबद्दल एप्रिलमध्ये मी भाऊंना म्हणालो होतो, अजून दोन महिने गाळावर राहू द्या. मुलीचं म्हणणं होतं, आत्ताच काढावी. भाऊंनी दोघांचं ऐकलं आणि पुढच्याच आठवड्यात ती बाटल्यांत भरली. माझ्या मते घाई झाली. मी तसं त्यांना सांगितलंही. त्यावर आमचं बराच वेळ वाजलं.